हंसाकाकीचे अकरा रुपये

डहाणू रोड स्टेशनच्या पूर्वेला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅनकार्ड, आधार दुरुस्ती, पासपोर्ट फोटो आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात 'आर्थिक सल्ला' असं लिहिलेलं आहे. हा शेवटचा धंदा मी फुकट करतो. माझी बायको संगिता म्हणते की त्याची खरी किंमतही तेवढीच आहे. हंसाकाकीच्या गृहकर्जाचा एकूण एक कागद माझ्या मशीनखालून गेला, म्हणून ही हकीकत सांगायचा अधिकार माझाच. मी तिला दिलेला प्रत्येक सल्ला चुकला, हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला हसायला नको.

हंसाकाकी आमच्या डहाणू गावातली, आमच्याच आळीतली. धंदा सुक्या मासळीचा. होडीवाल्यांकडून ओले बोंबील, जवळा, मांदेली घ्यायची, किनाऱ्यावर वाळवायची आणि पाट्या भरून उधव्याच्या, तलासरीच्या बाजारात न्यायची. पावसाळ्यापूर्वी घरोघर आगोट भरतात. चार महिने मासळी मिळणार नाही म्हणून सुकं भरून ठेवतात, त्या मे महिन्यात काकीला जेवायला वेळ नसतो. शाळा चौथीपर्यंत. सही करते, पण सही करताना जीभ दातात धरते. शेअर बाजार, चलनवाढ, रेपो रेट यातलं तिला काही म्हणजे काही कळत नाही, आणि मला सगळं कळतं. ही तफावत ध्यानात ठेवा.

नऊ वर्षांपूर्वी तिचा नवरा सदानंद काविळीने गेला. मूलबाळ नव्हतं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या दिराने, रघुनाथने, तिला ओटीवर बोलावलं. आळीत त्याला रघ्या तांडेल म्हणतात, होडी तोच चालवतो. त्याने होडीतल्या सदानंदच्या हिश्श्याचे चव्वेचाळीस हजार दोनशे छत्तीस रुपये तिच्या हातावर मोजले. वरचे सुटे सहा रुपयेसुद्धा नाण्यांत.

बाहेरच्या माणसाला वाटेल, काय चोख माणूस! पण आमच्या आळीत हिशोब असा कधी पुरा करत नाहीत. हंगामभराचा व्यवहार मिटवताना प्रत्येकजण अकरा रुपये मुद्दाम द्यायचे ठेवतो. त्यांना दाराचे अकरा म्हणतात. अकरा बाकी आहेत, याचा अर्थ नारळी पौर्णिमा झाली की मी पुन्हा तुझ्या दारात येणार. आणि ज्याने शेवटचा रुपया टाकला, त्याने दार लावून घेतलं. भांडण झालं, सोयरीक मोडली, तरच माणसं आमच्याकडे पै न् पै चुकती करतात. रघ्याने सहा रुपये मोजले तेव्हाच काकीला कळलं. तरी त्याने तोंडाने सांगितलंच, "घर बाबांच्या नावावर हाय. म्हणजे आमचं. तू तुझं बघ."

कायद्याने तुझा हिस्सा निघतो, असं मी तिला सांगितलं. वकिलाचं नावही दिलं. ती म्हणाली, "भांडून घेतलेल्या घरात झोप लागेल काय मला?" मी म्हटलं, झोपेचा आणि हिश्श्याचा काय संबंध? माझा पहिला सल्ला असा वाया गेला.

त्यानंतर चार वर्षं ती भाड्याने राहिली. अकरा महिन्यांचा करार, मग दुसरी खोली, पुन्हा अकरा महिने. घरमालकांना भाडं आवडायचं, बोंबलाचा वास आवडायचा नाही. एकाने तर "खोलीत अगरबत्ती लावायची अट" करारात टाईप करून मागितली होती, ती मीच करून दिली. आणि चौथ्यांदा सामान बांधताना काकीने ठरवलं की आता घर घ्यायचं. असं घर, ज्यातून तिला 'निघ' म्हणायची कुणाची छाती होणार नाही. बाकी तिची काही मागणी नव्हती. बंगला नको, बाल्कनी नको.

आळीतलंच एक बैठं घर विकायला निघालं. मालक वापीला मुलाकडे चालले होते. दोन खोल्या, मागे वाळवणापुरतं अंगण, आणि रघ्याच्या घरापासून बरोबर चार घरं सोडून. किंमत चौदा लाख. काकीकडे पाच होते. नऊ लाख कर्ज काढायचं ठरलं.

त्याच महिन्यात मीही कर्ज काढत होतो, स्टेशनजवळच्या फ्लॅटसाठी. एका मोठ्या बँकेने मला सात टक्के बदलत्या व्याजाने दिलं. माझी छाती फुगली होती. काकीला बँकेने दारातूनच परत पाठवलं, कारण तिने आयुष्यात कधी इन्कम टॅक्सचं रिटर्न भरलं नव्हतं. मग ती सागरछाया गृहवित्त नावाच्या कंपनीकडे गेली. यांची शाखा दुसऱ्या मजल्यावर, भिंतीवर हसऱ्या कुटुंबाचा फोटो, आणि त्यातल्या बाईच्या अंगावर स्वेटर. डहाणूत स्वेटर!

कंपनीचा माणूस होता भाविक, तलासरीचा पोरगा, अर्धा मराठी अर्धा गुजराती बोलणारा. काकीचं उत्पन्न किती हे ठरवायला तो तिच्याबरोबर टेम्पोत बसून उधव्याच्या बाजारात गेला. वही घेऊन तिच्या शेजारी बसला आणि गिऱ्हाईकं मोजू लागला. तासाभराने काकीने त्याच्या हातात तराजू दिला. म्हणाली, "नुसता बसून काय लिहितो? जवळा तोलून दे, म्हणजे आकडा बरोबर येईल." दिवसभर भाविकने जवळा तोलला. संध्याकाळी त्याने अहवालात लिहिलं, 'अर्जदाराचा व्यवसाय प्रत्यक्ष तपासला,' आणि इतकं खरं वाक्य त्या कंपनीच्या दप्तरात दुसरं सापडणार नाही.

मग दर निवडायची वेळ आली. बदलता दर सव्वानऊ टक्के, ठरलेला दर सव्वादहा. मी काकीला दुकानात स्टुलावर बसवून तास दीड तास समजावलं. कागदावर आलेख काढला. जगभर व्याज खाली चाललंय, आता वर जायचं नाव नाही, ठरलेला दर घेणं म्हणजे आंधळेपणा, एक टक्का फुकट देणं आहे. काकीने सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा चहाही सांगितला, स्वतःच्या पैशाने.

मग म्हणाली, "बदलता म्हणजे उद्याचा भाव उद्या तोच ठरवणार ना?"

"बाजार ठरवतो, काकी."

"सांगणार कोण?"

"बँक."

"म्हणजे तोच. मी होडीवाल्याशी दसऱ्याआधी पाटीचा भाव बोलते. मग बाजार चढो की पडो, भाव बोलला तो बोलला. कधी माझं जातं, कधी त्याचं. पण रात्री झोप लागते. ज्याचा भाव उद्या तो सांगणार, त्याचा माल आज मी घेत नाय."

पुन्हा झोप! मी कपाळाला हात लावला. हप्ता ठरला नऊ हजार आठशे दहा, मुदत पंधरा वर्षं. २०२१ च्या जानेवारीत तिने जीभ दातात धरून अठ्ठावीस सह्या केल्या, आणि घराचं मूळ खरेदीखत कंपनीच्या तिजोरीत गेलं. तिने भाविकला विचारलं, "हा कागद परत कधी?"

"कर्ज फिटलं के तरत, काकी."

"मग मी फेडते," काकी म्हणाली. मला हसू आलं. कर्ज फेडायचं असतं हे काय सांगायला लागतं! पण ते पंधरा वर्षांत फेडायचं असतं, हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं.

पुढची पाच वर्षं मला आठवायला फारसं आवडत नाही. थोडक्यात सांगतो. वर्ष सव्वा वर्ष मी राजा होतो. काकी दुकानात आली की मी तिला ऐकू जाईल असं 'सात टक्के' म्हणायचो. मग दर चढायला लागले. बँकेचं पहिलं पत्र आलं, मी दुर्लक्ष केलं. दुसरं आलं. तिसऱ्या पत्रात लिहिलं होतं की ग्राहकाच्या सोयीसाठी हप्ता फारसा वाढवलेला नाही, फक्त मुदत वाढवली आहे. माझं कर्ज २०४१ साली संपणार होतं, ते आता २०५३ साली संपेल. त्या वर्षी मी सत्याहत्तर वर्षांचा असेन. माझी एवढी सोय माझ्या आईनेसुद्धा कधी बघितली नव्हती. नंतर दर उतरले म्हणे. उतरल्याचं पत्र मात्र अजून आलेलं नाही, बहुतेक पोस्टात अडकलं असेल.

काकीचा हप्ता नऊ हजार आठशे दहा होता तो तेवढाच राहिला. वर तिने निराळाच उद्योग सुरू केला. मे महिना संपला, आगोटीचा माल विकून झाला, होड्या किनाऱ्यावर ओढल्या, की जूनच्या पहिल्या आठवड्यात ती पिशवी घेऊन सागरछायात जायची आणि कर्जात जादा पैसे भरायची. पहिल्या वर्षी साठ हजार, दुसऱ्या वर्षी एक लाख दहा, मग एक लाख वीस, मग एक लाख तीस. भाविक दर वेळी विचारायचा, "काकी, हप्तो कमी करूं के वरस?" दर वेळी ती म्हणायची, "वरस काप." हप्ता तिला पेलत होता. तिला घाई होती ती कागदाची.

मी तिला पुन्हा आर्थिक सल्ला दिला. कर्ज लवकर फेडणं हा अडाणीपणा आहे. गृहकर्जावर करात सूट मिळते. ती म्हणाली, मी कर भरतच नाय, तर सूट कशात घेऊ? मग मी सांगितलं, तोच पैसा गुंतव, माझ्या ओळखीचा एक माणूस बोईसरला आहे, महिन्याला दोन टक्के देतो. नशीब, तिने ऐकलं नाही. मी ऐकलं होतं. तो माणूस आता बोईसरला नाही, आणि कुठे आहे ते पोलीसही सांगत नाहीत.

हे सगळं मी तोंड वाकडं करून सांगतोय खरं, पण एक गोष्ट सरळ सांगतो. त्या पाच वर्षांत काकीने एक नवं लुगडं घेतलं नाही. गुडघा सुजला होता, तरी गावातून स्टेशनपर्यंतच्या टेम्पोचे पंचवीस रुपये वाचवायला ती पाटी डोक्यावर घेऊन चालत जायची. मी दुकानातून बघायचो आणि मला तिचा राग यायचा, आणि स्वतःचाही.

गेल्या वर्षी, २०२५ च्या जूनमध्ये, कर्ज उरलं दोन लाख सव्वीस हजार चारशे अठरा. त्या मे महिन्यात आगोट जोरात झाली होती, आणि काकीकडे तेवढे पैसे जमले. पंधरा वर्षांचं कर्ज साडेचार वर्षांत मिटवायला ती निघाली. मला बरोबर घेऊन गेली, कारण एवढी मोठी रक्कम आणि 'कागदावर काय लिहितात ते वाचायला'. माझ्या सल्ल्याचा उल्लेख तिने केला नाही.

भाविकची बदली झाली होती, पण कर्जाचा शेवटचा दिवस म्हणून तो मुद्दाम भेटायला आला होता. शाखेत निलम मॅडम म्हणून नवीन मॅनेजर होत्या. वाणगावच्या, वयाने तिशीतल्या, नाकावर चष्मा. त्यांनी करारातलं कलम दाखवलं. ठरलेल्या दराचं कर्ज मुदतीआधी बंद करताना पैसे स्वतःचे असतील तर दंड नाही, पण दुसरीकडून कर्ज काढून आणले असतील तर दोन टक्के दंड.

"पैसे स्वतःचेच आहेत याचा काही पुरावा?" मॅडमनी विचारलं.

मी पासबुकाची झेरॉक्स पुढे केली. मॅडम म्हणाल्या, यात सगळी रोकड भरलेली दिसते, रोकड कुठून आली ते कसं कळणार? काकीने मला बाजूला केलं, टेबलावर पुढे वाकली आणि आपले दोन्ही पंजे मॅडमच्या नाकाखाली धरले.

"हुंगा," ती म्हणाली.

मॅडमनी हुंगलं. चष्मा काढून पुसला. मग फॉर्मवर 'स्वतःचे स्रोत' या चौकटीत खूण केली, आणि मी दिलेली पासबुकाची झेरॉक्स मला परत केली.

पैसे भरायची खिडकी निराळी. तिथे मी फोनवर बोलत बाहेर गेलो आणि काकीने स्लिप स्वतः भरली, तिला आकडे चांगले लिहिता येतात. परतताना ती भाविकच्या पाठीवर हात फिरवून म्हणाली, "चांगला वागलास रे. काही तोंड फिरवून जात नाय मी." भाविकला वाटलं आशीर्वाद देतेय. मलाही तसंच वाटलं. आम्ही खाली उतरून उसाचा रस प्यायलो. तीस दिवसांत खरेदीखत घरी येईल, असा नियमच आहे, हे मी तिला तीन वेळा सांगितलं.

तीस दिवस गेले. साठ गेले. कागद आला नाही. काकी रोज सकाळी दुकानावरून जाताना नुसती भुवई वर करायची आणि मी मान हलवायचो. ऑक्टोबरात कंपनीचं पत्र आलं. ते खरेदीखत नव्हतं, नोटीस होती. आपण थकबाकीदार आहात. बाकी तीन हजार एकशे सतरा. सात दिवसांत न भरल्यास तारण मालमत्तेवर कारवाई.

मी खाली डोळे फिरवले. मूळ थकबाकी: रुपये अकरा.

"काकी," मी म्हटलं, "तू किती भरलेस?"

"दोन लाख सव्वीस हजार चारशे सात."

"आणि अकरा?"

काकीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मीच आळीबाहेरचा. "ठेवले. त्यांनी माझं काय वाईट केलं होतं? तो पोरगा दिवसभर माझ्याबरोबर जवळा तोलत बसला. त्याच्या तोंडावर दार लावू?"

गृहवित्त कंपनीला माणुसकी दाखवणारी ही देशातली पहिली कर्जदार असावी. कंपनीच्या संगणकाला मात्र त्या अकरा रुपयांत कुठलीच माणुसकी दिसली नाही. त्याच्या लेखी कर्ज चालू होतं. त्याने दर महिन्याला ते अकरा रुपये तिच्या बँकखात्यातून ओढायचा प्रयत्न केला. खातं काकीने रिकामं केलं होतं. दर वेळी हप्ता परत गेला, दर वेळी पाचशे नव्वद दंड बसला, पाच वेळा. वर थोडं व्याज, आणि बाकीचे पैसे तिला हे कळवण्याचा खर्च.

नंतर वसुलीचा माणूस आला. मोटारसायकलवरून, काळा चष्मा लावून, पार वसईहून, अकरा रुपयांसाठी. काकी बाजाराला गेली होती. त्याने आळीत मोठ्याने चौकशी केली आणि दारावर नोटीस चिकटवली. आमच्या आळीत एवढं पुरतं. दुपारपर्यंत अर्ध्या गावाला कळलं की हंसाचं घर जप्त होणार.

संध्याकाळी रघ्या तांडेल माझ्या दुकानात आला. त्याला कशाचीही झेरॉक्स नको होती. काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "जप्ती कधी रे? मी तर पहिल्यापासून सांगतोय, ते घर कंपनीचं. हिचं कुठलं? कागद दाखव म्हणावं. हाय काय कागद?" दुकानात दोन गिऱ्हाईकं होती, ती हसली. कागद खरंच नव्हता. तो गेल्यावर मी शटर लवकर ओढलं.

काकीने दारावरची नोटीस काढली नाही. तिने ती तशीच राहू दिली आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासकट दार उघडून पाट्या बाहेर काढल्या. चेहरा मात्र मावळला होता. मला म्हणाली, "विनोद, मला पुन्हा सामान बांधावं लागेल काय?" तिने हे इतक्या हळू विचारलं की मला दोनदा ऐकावं लागलं. मी सल्ला दिला नाही. तिला घेऊन शाखेत गेलो.

निलम मॅडम भल्या बाई. पण दंड त्यांच्या हातात नव्हता, तो संगणकात होता, आणि संगणक मुंबईच्या मुख्य कार्यालयात. माफीसाठी एक फॉर्म होता. त्यात प्रश्न होता: रक्कम कमी भरण्याचे कारण. पुढे चौकटी. विस्मरण. आर्थिक अडचण. तांत्रिक बिघाड. इतर.

"विस्मरण लिहा," मॅडम म्हणाल्या. "लगेच होऊन जाईल."

"मी विसरली नव्हती," काकी म्हणाली.

"मग आर्थिक अडचण."

"दोन लाख भरले आणि अकराला अडचण? मला काय वेडी समजता?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी काकीकडे. ती म्हणाली, "इतर वर खूण कर, आणि लिही, मान दिला."

मी लिहिलं. 'इतर: कंपनीचा मान ठेवण्यासाठी.' खाली दाराच्या अकरा रुपयांची रीत सहा ओळींत समजावली. आयुष्यात मी हजारो अर्ज लिहिले, त्यात इतकं खरं कारण असलेला हा एकच, आणि म्हणूनच तो फेटाळला जाणार याची मला खात्री होती.

मुख्य कार्यालयाचं उत्तर यायला दीड महिना लागला. त्यात म्हटलं होतं की ग्राहकाने नमूद केलेले कारण कंपनीच्या कोणत्याही धोरणात बसत नाही. तथापि, कायदा विभागाने दोन बैठका घेऊनही ते कोणत्या सदरात टाकावे यावर एकमत न झाल्याने सद्भावना म्हणून सर्व दंड माफ करण्यात येत आहे. ग्राहकाने मूळ बाकी व्याजासह भरावी. एकूण रुपये अकरा आणि सत्तेचाळीस पैसे.

आम्ही पुन्हा शाखेत. मी खिशातून बारा रुपये काढले. काकीने माझं मनगट धरलं.

"बारा नको. जादा गेले तर त्यांचे आपल्याकडे यायचे राहतात. परत येणं जाणं सुरू."

"सत्तेचाळीस पैशांची नाणी मिळत नाहीत, काकी."

"फोनवरून दे. अकरा सत्तेचाळीस. पै न् पै." ती खिडकीतल्या पोराला म्हणाली, "पोरा, बघ हां, आता काही राहिलं नाय ना? एक पैसासुद्धा?"

"काही नाही, काकी," पोरगा आनंदाने म्हणाला. "पूर्ण झालं. अभिनंदन! आता तुम्हाला याच घरावर वाढीव कर्ज मिळू शकतं."

काकी त्याच्याकडे बघत राहिली. तिने आपल्या रीतीप्रमाणे त्यांच्या तोंडावर खणखणीत दार लावलं होतं, आणि आतून माणूस हात हलवून 'या बसा' म्हणत होता. जिन्यावर ती मला म्हणाली, "यांना कुणी घरी काही शिकवलं नाय काय रे?"

या जानेवारीत कागद आला. जाड लिफाफा, माझ्या दुकानाच्या पत्त्यावर, कारण काकी दिवसभर घरी नसते. तिने तो काउंटरवर ठेवून मला उघडायला लावला. हात तिने आधी पदराला पुसले, तरी तिने कागदाला हात लावला नाही.

"मालक कोण ते वाच."

मी वाचलं. खरेदीदार, श्रीमती हंसा सदानंद तांडेल.

"परत वाच."

परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला सांगितलं तेव्हा मी नावावर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. काकी रडली वगैरे नाही. स्टुलावर बसली, चपला काढल्या आणि पाय लांब केले.

थोड्या वेळाने म्हणाली, "पहिल्या पानाची एक झेरॉक्स काढ. चांगली, काळी काळी. आणि पाकिटात घाल. वर पत्ता लिही, रघुनाथ तांडेल."

"चिठ्ठी?"

"चिठ्ठी कशाला? कागद दाखव बोलला होता ना, तो दाखवते. पोस्टाने पाठव. सही घेऊन देतात ना, तसं."

"स्पीड पोस्ट? पोचपावती? काकी, चार घरं तर आहेत. चालत जाऊन दे. पैसे वाचतील."

"चालत गेली तर त्याच्या ओटीवर चढावं लागेल," काकी म्हणाली.

पोस्टाचे पैसे तिने स्वतः दिले. चार घरं जाण्यासाठी ते पाकीट आधी कुठे कुठे फिरून आलं देव जाणे. पाचव्या दिवशी पोचपावती माझ्या दुकानात आली. खाली रघ्याची सही होती. पूर्ण नाव. काकीने पावती उलटी सुलटी पाहिली, हीच त्याची सही काय असं विचारलं, मी हो म्हटल्यावर तिने ती पिशवीत टाकली आणि रिकामी पाटी उचलली.

संध्याकाळी दुकान बंद करून मी आळीतल्या आमच्या जुन्या घरी आईकडे निघालो, तर ती आळीतल्या डांबरी रस्त्याने माझ्या पुढे चालत होती. रघ्याच्या दारावरून, मधोमध, गुडघा सावकाश टेकत. माझी आई आमच्या दारात उभी होती. ती मला म्हणाली, "अरे, हंसा आज पुढून कशी?" तेव्हा मला कळलं की नऊ वर्षं काकी त्या दारासमोरून कधी गेलीच नव्हती. रोज डोक्यावर पाटी घेऊन ती मागून, किनाऱ्याच्या वाळूतून घरी जायची. तिचे सगळे कागद माझ्याकडे होते, आणि हे मला कधी दिसलं नव्हतं.